चांगुणाबायचा आवाज

आमच्या बिल्डिंगला वॉचमन नव्हता, इंटरकॉमही नव्हता, आणि कोणाचं काही अडलं नाही, कारण तळमजल्यावर चांगुणाबाय होती. तिसऱ्या मजल्यावर माझ्या कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या की खालून आवाज यायचा, "गो सुजाता, गॅस बंद कर, डाल करपेल." माझी डाळ मला करपवू द्या की, असं मी पुटपुटायचे आणि गॅस बंद करायचे.

चांगुणाबाय आमची घरमालकीण. आगरी. डोंबिवलीला मानपाड्याच्या पुढे जिथे आता बिल्डिंगला बिल्डिंग खेटून उभी आहे, तिथे तिच्या सासऱ्यांची भातशेती होती. सुनेने स्वयंपाकघर हातात घेतल्यापासून ती जिन्याखालच्या ओट्यावर बसायची. गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसलेलं लुगडं, कानात वरच्या पाळीला बुगड्या, समोर सुपात निवडायला काहीतरी. कोण ऑफिसला उशिरा निघालं, कोणाकडे पाहुणे आले, कोणाची पोरगी कोणाच्या बाइकवरून उतरली, सगळी नोंद तोंडपाठ. आम्ही दिवा स्टेशनजवळून इथे राहायला आलो ते पाण्याच्या त्रासाला कंटाळून, आणि इथेही टँकरच. पण दिव्यात टँकर आलेला कळायचाच नाही. इथे चांगुणाबाय ओट्यावर उभी राहून एकदाच ओरडायची, "पानी आयलाऽऽ," की शेजारच्या दोन बिल्डिंगांतले लोकसुद्धा बादल्या घेऊन धावायचे.

असा आवाज तिने कमावलेला होता. लहानपणापासून बांधावरून बांधावर हाका मारल्या, आणि पुढे ती धवलारीण झाली. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना बायका धवले गातात, त्या गाणाऱ्यांची ही म्होरकी. माइक दिला तर हाताने बाजूला सारायची. एकदा माझ्या नवऱ्याने, प्रशांतने, भीत भीत सुचवलं, "बाय, जरा हळू बोललात तरी ऐकू येतं आम्हाला." तर म्हणाली, "हलू बोललं तं देवाला बी आयकू येत नाय, तू तं भाडोत्री हायस."

माझी दोन्ही मुलं तिच्याच ओट्यावर वाढली. मोठा नचिकेत, आणि वर्ष-सव्वा वर्षाने वेदांत. पाठीला पाठ. आम्ही नवरा-बायकोने पुस्तकं चाळून नावं ठेवलेली, आणि बायने पहिल्याच दिवशी त्यांचं नच्या आणि येद्या करून टाकलं. वेदांतचं येद्या झालेलं ऐकून माझ्या सासूबाई चिपळूणहून फोनवर दोन दिवस बोलल्या नाहीत.

नचिकेत दीड वर्षाचा झाला तरी बोलेना. मी हाक मारली की कधी बघायचा, कधी नाही. मला धाकधूक वाटायची, पण सासूबाई म्हणाल्या, "मुलगे उशिराच बोलतात. प्रशांत तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता बघ." आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे पुरावा होता. चांगुणाबायने खालून "नच्याऽऽ" केलं की हा तिसऱ्या मजल्यावर खेळणं टाकून दाराकडे पळायचा. ऐकू येत नसतं तर पळाला असता का? डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं. खालच्या आजींच्या हाकेला बरोबर वळतो. मग तेही म्हणाले, थांबू थोडे दिवस.

त्या लग्नसराईत बायच्या भाचीचं लग्न होतं. हळदीपासून लग्नापर्यंत ती गायली आणि तिचा घसा पार बसला. आवाज म्हणून काही उरला नाही, नुसती हवा. बिल्डिंगमध्ये सगळे गालातल्या गालात हसत होते. आमच्या समोरचे जोशी तर म्हणाले, चार दिवस सुट्टी मिळाली.

त्या चार दिवसांत एका दुपारी दारावर थाप पडली. उघडते तर चांगुणाबाय. गुडघेदुखीमुळे ती कित्येक वर्षांत पहिला मजलासुद्धा चढली नव्हती. ती भिंतीला धरून धापा टाकत होती, घाम पुसायचंही भान नव्हतं. मी पाणी आणायला वळले तर तिने माझा दंड धरला आणि त्या फुटक्या आवाजात म्हणाली, "सुजाता, पोऱ्याला आयकू येत नाय."

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. मला राग आला होता, दुसरं काय होणार? ती म्हणाली, "माज्या मांडीला टेकून बसला व्हता. मागून बोललू, वलला नाय. टाली वाजवली, नाय. येद्या वलला, हा नाय. तो माजा वरडनं तेवरा आयकतं गो. बाकी काय नाय आयकत."

ठाण्याला तपासण्या झाल्या. दोन्ही कान. रिपोर्ट समजावणाऱ्या मुलीने कागदावर रेघ काढून दाखवली, याच्या वरचे, म्हणजे हळू, आवाज त्याच्यासाठी नाहीतच. रेघेच्या खाली होते ट्रकचा हॉर्न, ढोल, फटाके. प्रशांतने विचारलं, "आणि जोरात बोलणारं माणूस?" ती म्हणाली, "फारच जोरात असेल तर." आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला तिथेच रडू फुटलं.

बायला हे सांगितलं. ती सूप बाजूला ठेवून आत गेली. नंतर तिची सून वनिता म्हणाली, "बाय जेवत नाय. बोलते, माज्या आवाजानं पोऱ्याचं वरीस खाल्लं." मी खाली जाऊन पुष्कळ समजावलं, उलट तुमच्यामुळेच कळलं म्हणाले. ती मान हलवत राहिली. तिला ते पटलेलं नाही, हे दिसत होतं.

कानाची मशिनं आली आणि आमच्या घरात नवीन हाणामारी सुरू झाली. रोज सकाळी एकाने नचिकेतचे हात धरायचे आणि दुसऱ्याने मशीन बसवायचं. तो उपटून फेकायचा. एकदा वरणात सापडलं, एकदा कचऱ्याच्या डब्यात, एकदा तर वेदांतच्या तोंडात. मी ऑफिसला निघताना त्याला बायकडे सोडायचे, तर एके दिवशी संध्याकाळी येते तो काय, हा शहाण्यासारखा दोन्ही मशिनं लावून बसलेला. बायने आपल्या कानातल्या बुगड्या दाखवून त्याला पटवलं होतं, की या घरात बुगड्या दोघांनाच, तिला आणि त्याला. त्या दिवसापासून आमच्याकडे मशीनला मशीन कोणी म्हटलं नाही. "नच्या, बुगड्या घाल." आणि तो घालायचा.

त्याचा परिणाम असा की वेदांतने भोकाड पसरलं, मला पण बुगड्या. नाही म्हटलं तर पठ्ठ्याने वनिताच्या सुपातले वाटाणे घेऊन दोन्ही कानांत कोंबले. मी एका मुलाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जातच होते, त्या दिवशी दोघांना घेऊन गेले. डॉक्टर वाटाणा काढता काढता म्हणाले, "वहिनी, तुमचं खातं उघडूया का?" बाय हे ऐकून इतकी हसली की जोशी गॅलरीत येऊन बघून गेले.

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळ एका मॅडमकडे आम्ही बोलायला शिकवण्यासाठी जायचो. मॅडम शांत, गोड, पण स्पष्ट. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "शाळेत जायच्या वयापर्यंत हा वाक्यं बोलायला लागला तर भावासारखा साध्या शाळेत जाईल. नाहीतर कठीण आहे. हातात वेळ थोडा आहे." मग नियम सांगितले. दिवसभर त्याच्याशी बोलत राहायचं. घरात एकच भाषा. आणि ओरडायचं नाही, मशीनमध्ये ओरडणं फाटून जातं, शब्द कळत नाही.

मी हे बायला जसंच्या तसं सांगितलं. दिवसभर नचिकेत तिच्याकडे असायचा, सांगणं भागच होतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. "एकच भाषा म्हंजे तुमची," ती म्हणाली. "शालंची." मी म्हटलं, हो, म्हणजे साधारण तशी. "बरं," म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवसापासून चांगुणाबाय शुद्ध बोलायला लागली. आगरी बोलीत ळ चा ल होतो आणि ण चा न, हे तिला माहीत होतं. तुमची लोकं ळ बोलतात, ण बोलतात, एवढी खूणगाठ तिने बांधली आणि दिसेल तिथे ळ आणि ण घालायला सुरुवात केली. "बाळा, काणात बुगड्या घाळ. माण वर कर. दूध घेणार का? आता चाळत चाळत ये." तेही टीव्हीवर बातम्या देतात तशा सावकाश, खालच्या पट्टीतल्या आवाजात. ओट्यावर बसणाऱ्या बाकीच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून उठून जायच्या. तिला त्याचं काही नव्हतं.

नचिकेत तिच्याकडे बघत राहायचा. शिकला मात्र वेदांत. त्याला ऐकू चांगलंच यायचं आणि तोंड एकदा सुरू झालं की बंद व्हायचं नाही. तो वर येऊन मला म्हणायचा, "आई, दूध घाळ." सासूबाई आल्या होत्या, त्यांनी कपाळावर हात मारला.

बायने आवाज टाकला तो सगळ्यांसाठीच टाकला. सवय मोडायला नको म्हणून ती कोणाशीच मोठ्याने बोलेना. टँकर येऊन निघून गेला, अर्धी बिल्डिंग पाण्याविना. तिचा मोठा मुलगा जयवंत, गळ्यात ही जाड चेन, त्याने विचारलं, "आये, वरडली कला नाय?" ती कुजबुजली, "पोऱ्याच्या मशीनमदी आवाज फाटतं." जोशी स्वतः मला जिन्यात थांबवून म्हणाले, "त्यांना सांगा हो काहीतरी, बरं नाही वाटत असं."

आणि नचिकेत रुसला. त्याला ती हाक हवी होती. तो तिच्या मांडीवर चढून तिच्या गळ्यावर हात ठेवायचा आणि थापट्या मारायचा, बंद पडलेल्या रेडिओला मारतात तशा. ती डोळ्यांतलं पाणी लपवत हळूच म्हणायची, "नाय रं बाळा, नाही." ते बघवत नव्हतं.

शेवटी मी तिला मॅडमकडेच घेऊन गेले. नवं लुगडं, अंगावर सगळं सोनं, रिक्षातून खोपटला उतरलो तर डेपोच्या दारातले लोक बघायला लागले. मॅडमनी तिला नचिकेतशी बोलायला सांगितलं. बायने सुरुवात केली, "बाळा, फुळ दे." मॅडमनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही घरी असंच बोलता?"

"नाय. घरी आमचं गावठी."

"मग गावठीच बोला. तुम्हाला जे बोलताना विचार करावा लागत नाही ते बोला. फक्त लांबून ओरडू नका, जवळ बसून बोला."

"तो पन मंग आमच्यासारका बोलंल."

"बोलू दे की. आधी बोलू तर दे."

बायने माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. मला इतकं कानकोंडं झालं, मी नुसती मान हलवली. परत येताना रिक्षात ती त्याला पोटाशी धरून स्टेशनपर्यंत बोलत होती, थांबायलाच तयार नव्हती. रस्त्यावरचं एकही दुकान सोडलं नाही.

मग रोज तेच. सुपातलं जे असेल ते. यो वाल. यो पावटा. यो सुकट, वास घे. यो तुजा बाप, बघ कसा चालतं. संध्याकाळी मी आले की आजचा पाठ मला सांगायची. महिन्यांमागून महिने गेले. वेदांत गोष्टी सांगायला लागला आणि मोठा अजून नुसते आवाज काढत होता. मी रात्री कॅलेंडरकडे बघायचंच सोडून दिलं. बायला म्हणायचे, नाही व्हायचं हे. ती म्हणायची, "भात पेरला की लगेच वाकून बघतेस का गो? दम धर."

एका संध्याकाळी मी फाटकातून आत आले. नचिकेत ओट्यावर उभा, बाय त्याच्या मागे. तिने त्याच्या पाठीला हात लावला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई."

स्वच्छ. काना-मात्रेसकट. मी पर्स टाकून खाली बसले, चिखलातच. त्याने परत म्हटलं, मी रडते बघून परत म्हटलं. बिल्डिंग गोळा झाली. बाय एकटी ओट्यावर बसून वाल सोलत राहिली, जसं काही झालंच नाही. मी तिच्या पाया पडले तर पाय ओढून घेतले तिने.

वर आल्यावर मी सगळ्यांना फोन लावत सुटले. पहिला शब्द आई, पहिला शब्द आई. तर आमचे येद्या महाराज पलंगावर उड्या मारता मारता म्हणाले, "नाय काय. दादा आधी बाय बोल्ला."

"कधी?"

"लय दिस झाले. बाय बोलली आईला नाय सांगायचं."

मी तशीच खाली गेले. बाय भाकरी थापत बसली होती. मी विचारलं, खरं का हे? तिने मान वर केली नाही. "पोराटोरांचं काय आयकतेस. येद्याच हाय तो." पण वनिता मागे उभी होती. ती डोळे पुसत होती, आणि मला जे समजायचं ते समजलं. बाकी सगळं बाय त्याला आगरीत शिकवत होती. तिच्या घरात आईला आय म्हणतात. हा एक शब्द तेवढा तिने माझा घोकून घेतला होता, त्याच्याकडून आणि स्वतःकडूनही. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, मत्सरही वाटला. त्यानंतर मी तिला तो प्रश्न कधी विचारला नाही.

पुढे गाडी सुरू झाली ती झालीच. मना पाहिजे, मना नको, तुना देतंव. एका शाळेने नुसतं मशीन बघून नाही म्हटलं. दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला समोर उभं केलं.

"नाव काय तुझं?"

"नच्या."

"काय आवडतं तुला?"

"मना सुकट. मना बाय."

प्रशांतने माझा हात घट्ट धरला. आता गेलं, असं वाटलं मला. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "सुकट कोण करतं रे?" तर हा सुरूच झाला. बाय करतं, कांदा टाकतं, येद्या रडतं. एकामागून एक वाक्यं. बाईंनी फॉर्मवर सही केली. घरी येऊन सांगितलं तेव्हा चांगुणाबायने ओट्यावर उभं राहून, कितीतरी महिन्यांनी, जुन्या आवाजात वनिताला हाक मारली, "गोऽऽ, पोऱ्या शालंत गेलाऽऽ." नचिकेतने दोन्ही बुगड्या काढून हातात घेतल्या आणि हसत ऐकत उभा राहिला.

नचिकेत तिसरीत गेला तेव्हा आम्ही कल्याणला स्वतःच्या घरात आलो. मुलं सुट्टीत बायकडे जायची. शाळेतलं मराठी आलं, मना-तुना मागे पडलं, निदान माझ्यासमोर. वर्गात लांबून ऐकू आलं नाही की नचिकेत ओठ बघून ओळखायचा. दोन वर्षांपूर्वी वनिताचा फोन आला. बायला न्यूमोनिया झाला होता, बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं, आता खोलीत आणलंय पण घशात नळी बसवलीय. आवाज येत नाही. "ओठ हलवते, वयनी. आमाला काय कलत नाय. लिवता येत नाय तिला. मंग चिडते, तोंड फिरवते. नच्याला आनाल का?"

आम्ही दोन्ही मुलांना घेऊन हॉस्पिटलात गेलो. बाय उशीत रुतलेली, इतकीशी झालेली. जयवंत कोपऱ्यात उभा होता. नचिकेत सरळ पलंगाच्या कडेला बसला, तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हणाला, "बाय, हलू बोल."

तिचे ओठ हलले. तो म्हणाला, "पान मागते."

वनिता म्हणाली, "आता कुटं पान देऊ तिना?" बायने कपाळाला आठ्या घातल्या, परत ओठ हलवले. नचिकेत हसला. "नाय नाय. मान. मान अवघडली." ओठांवर प आणि म सारखेच दिसतात, तो अजूनही फसतो. त्याने उशी सारखी केली. तिने डोळे मिटून घेतले, मग परत सुरुवात केली, आणि तो वाचत गेला. टाकी भरली का. वनिताला बोलते, तुझी साडी धुवायला टाक. येद्या, नखं काप. मग त्याने जयवंतकडे बघितलं. "तुला विचारते, जेवलास का." तो धिप्पाड माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

भेटायची वेळ संपली. नर्स दारात आली. आम्ही निघालो तर बायने बोट हलवून नचिकेतला परत बोलावलं. तो वाकला. तिचे ओठ बराच वेळ हलत होते, मध्ये दमायचे, परत हलायचे. तो तिच्या तोंडावरून नजर न काढता मान डोलावत होता. मग तिने त्याच्या कानावरून हात फिरवला, आणि तो बाहेर आला. पुढच्या आठवड्यात बाय गेली.

तिला भेटून निघालो त्या दिवशी खाली रिक्षाची वाट बघत होतो. वेदांत विचारून विचारून थकला. मग मी विचारलं, "नच्या, काय बोलली रे बाय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मना बोलली. तुना नाय."